चिलटाच्या डोळ्यातील खोबण



दसरा-दिवाळीच्या सुमारास बोथच्या परिसरात रानातली सीताफळे पिकू लागली, की घरोघरी टोपल्यांभोवती इवलीशी चिलटे जमतात. शेतकरी ज्या फळमाशीला वैरीण समजतो, ती ही नव्हे. हे चिलट पिकून मऊ झालेल्या, आंबू लागलेल्या फळावर येते आणि आपण हात उगारण्याच्या आतच तेथून निसटते. शास्त्रज्ञ त्याला ड्रॉसोफिला म्हणतात. गेली शंभराहून अधिक वर्षे जीवशास्त्राने जितके प्रश्न या चिलटाला विचारले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्राण्याला विचारले असतील.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही ही परंपरा जुनी आहे. ओबैद सिद्दिकी १९६२ साली तेथे आले. पुढे त्यांनी सीमूर बेन्झर यांच्यासह तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केला. केनियात जन्मलेल्या, गोमंतकीय कुळातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी याच संस्थेत माशीच्या गंध आणि रुची या संवेदनांचा शोध घेतला. डोळ्याला दिसलेले, नाकाला जाणवलेले पेशीच्या आत पोहोचते तरी कसे, हा या साऱ्या संशोधनाच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. आज आपण त्याचा एक लहानसा पण महत्त्वाचा भाग पाहू.

पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी एका ओळीत ओवून केलेली माळ. ही माळ सैल लोंबत राहत नाही. तिचे काही भाग स्वतःभोवती घडी घालून निश्चित आकार धारण करतात. स्वतंत्रपणे घडी पडणाऱ्या अशा भागास ‘डोमेन’ म्हणतात. आपण त्याला प्रथिनखंड म्हणू. एकाच घडणीचा खंड अनेक वेगवेगळ्या प्रथिनांत आढळतो. एकाच मापाची बिजागरी दारालाही बसावी आणि पेटीलाही, तसाच हा प्रकार.

असाच एक खंड ‘पीडीझेड’ या नावाने प्रसिद्ध आहे. ज्या तीन प्रथिनांत तो प्रथम ओळखला गेला, त्यांच्या नावांतील ही तीन अक्षरे. त्यांतले मधले ‘डी’ आपल्या चिलटाचे आहे. अळीच्या शरीरात पुढे पंख आणि पाय ज्यांपासून होतात, अशा पेशींच्या चकत्या असतात. एक विशिष्ट जनुक बिघडले, तर या चकत्या बेसुमार वाढतात आणि अळीची माशी न होता ती मरते. म्हणून त्या जनुकास ‘डिस्क्स लार्ज’, म्हणजे ‘मोठ्या चकत्या’ असे नाव पडले. वुड्स आणि ब्रायंट यांनी १९९१ साली त्याची रचना उलगडली. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे हे जनुक आहे, हे ध्यानात असू द्यावे. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

पीडीझेड खंडात सुमारे नव्वद अमिनो आम्ले असतात. त्याची रुंदी इतकी अल्प, की एका मिलिमीटरात असे तीनेक लाख खंड ओळीने मावतील. १९९६ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याचे चित्र हाती आले. सहा चपट्या पट्ट्या आणि मळसूत्रासारखे दोन वेटोळे मिळून त्याचा लहानसा गोळा झालेला असतो. दुसरी पट्टी आणि दुसरे वेटोळे यांच्या मध्ये एक खोबण असते. दुसऱ्या एखाद्या प्रथिनाच्या माळेचे अगदी शेवटचे टोक, म्हणजे साधारण शेवटचे चार मणी, या खोबणीत येऊन बसतात. सुताराने लाकडाच्या खाचेत पट्टी सरकवावी, तसे हे टोक आधीच्या पट्ट्यांशेजारी आणखी एक पट्टी होऊन बसते. शेवटचा मणी योग्य जातीचा नसेल, तर मात्र ते टोक तेथे टिकत नाही. खोबणीची निवड अशी काटेकोर असते.

चिलटाच्या डोळ्यात या खोबणीचा उपयोग विलक्षण आहे. तेथे ‘आयनॅड’ नावाच्या एकाच प्रथिनात असे पाच पीडीझेड खंड आहेत. प्रकाशाची वार्ता पुढे नेणारे विकर, पेशीच्या आवरणातले द्वार उघडणारे प्रथिन आणि ते कार्य आवरते घेणारे आणखी एक विकर, ही सारी मंडळी या खंडांना धरून असतात. सुतार आपली हत्यारे हाताशी असावीत म्हणून एका फळीवर टांगतो, त्यातलीच ही व्यवस्था. हत्यारे शोधत फिरावे लागत नाही, म्हणूनच माशीचा डोळा प्रकाशाला सेकंदाच्या काही शतांशांत प्रतिसाद देतो आणि आपला हात पोहोचण्यापूर्वी चिलट उडालेले असते.

ही फळी स्थिर असते, असे दीर्घकाळ मानले जाई. २००७ साली डॅलस येथे रंगनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले, की आयनॅडचा पाचवा खंड एखाद्या कळीसारखा बदलतो. अंधारात त्याची खोबण नीट उघडी असते. प्रकाश पडला, की खंडातील गंधकयुक्त अशा दोन अमिनो आम्लांत बंध जुळतो, खोबणीचा आकार मोडतो आणि टोक धरून ठेवण्याची तिची शक्ती जाते. हा बंध जुळणारच नाही अशा माश्या तयार केल्या, तेव्हा त्यांच्या दृष्टीच्या कार्यात आणि पाहून होणाऱ्या हालचालींत दोष दिसून आला. तात्पर्य, प्रथिनाचा आकार म्हणजे केवळ साचा नव्हे. आकाराचे बदलणे हाच कित्येकदा पेशीतला संदेश असतो.

कोणी म्हणेल, चिलटाच्या डोळ्याची ही चिकित्सा आमच्या काय कामाची? आता ‘मोठ्या चकत्यां’कडे परत येऊ. ते जनुक माणसातही आहे, आणि त्याच्या प्रथिनात तेच पीडीझेड खंड आहेत. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग पॅपिलोमा विषाणूंमुळे होतो. त्यांतील सोळा आणि अठरा क्रमांकाचे प्रकार सर्वांत घातक. जगातील या रोगाच्या सुमारे सत्तर टक्के रुग्णांत तेच आढळतात. या घातक विषाणूंच्या एका प्रथिनाचे टोक नेमके या खोबणीत बसेल असे असते. १९९७ साली ही गोष्ट उघडकीस आली. विषाणू खोबणीत आपले टोक अडकवतो आणि वाढीला आवर घालणारे ते प्रथिन नष्ट होण्याच्या मार्गाला लागते. त्याच कुळातील जे सौम्य प्रकार केवळ चामखिळी उठवतात, त्यांच्या प्रथिनाला असे टोक नसते. विषाणूचे हे एकमेव शस्त्र नव्हे. त्याची इतरही शस्त्रे आहेत. परंतु अळीच्या चकत्या का वाढतात, हे विचारणाऱ्यांनीच या एका शस्त्राचा मागोवा घेणे शक्य केले.

रोग ओळखण्याची वाट मात्र वेगळ्या अभ्यासातून निघाली, आणि ती आपल्याच मुलखातून गेली. बोथप्रमाणेच १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा तीत सहभाग होता. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया चार गटांत विभागल्या होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाची विषाणूसाठी केवळ एकदा तपासणी झाली, त्यात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. नेहमीच्याच उपचारांवर सोडलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४ दगावल्या. एका तपासणीने मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या या विषाणूवरील लशीस २०२२ साली मान्यता मिळाली. नऊ ते चौदा या वयात मुलींना ती दिल्यास लाभ सर्वाधिक होतो. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी मात्र तपासणी टाळू नये. हा रोग वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो. आरंभी दुखत नाही, म्हणूनच तो फसवतो. घरातील आई, बहीण, वहिनी यांना संकोच वाटेल. तो दूर करणे हे घरातल्या सर्वांचेच काम आहे.

तेव्हा सीताफळाच्या टोपलीवरचे चिलट हाकलताना क्षणभर थांबावे. ते निसटते ते ज्या खोबणीच्या बळावर, तीच खोबण आपल्याही शरीरात आहे. आणि तिच्यात कोण येऊन बसते, यावर कधी कधी एका घराचे सौख्य अवलंबून असते.