आपत्कालीन परिस्थितीत सुवाह्य सौरसंचाची उपयुक्तता : कोकण किनारपट्टीच्या विशेष संदर्भात

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे असंख्य खांब कोसळले आणि श्रीवर्धन परिसरातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा प्रसंगी घडीचे सौर पॅनेल व बॅटरी यांचा सुवाह्य संच हा स्वाभाविक पर्याय ठरतो. तथापि हे वादळ पावसाळ्याच्या तोंडावर आले होते. सूर्य झाकोळलेला असतानाच संचाची खरी कसोटी लागते, याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो.

पॅनेलवर छापलेली क्षमता प्रयोगशाळेतील असते. चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि २५ अंश सेल्सिअस घट-तापमान या स्थितीत ती मोजली जाते. दाट ढगांखाली उत्पादन तिच्या १०-२० टक्क्यांवर येऊ शकते.

त्यामुळे हिशेब गरजेपासून मांडणे इष्ट. ५ वॅटचा एलईडी दिवा ६ तास, दोन मोबाइलचे चार्जिंग व एक लहान रेडिओ यांस दिवसाला सुमारे ६५ वॅट-तास लागतात. ५० वॅटचे पॅनेल ढगाळ दिवशी ८ तास १५ टक्के दराने चालले, तर ६० वॅट-तास मिळतात. चार्जिंगमधील घट वेगळीच. उरलेला भार बॅटरीवर पडतो. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे २४० वॅट-तास साठतात. परंतु लीड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती उरतात १२०; दोन दिवसही नीट निघत नाहीत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरता येते व जेमतेम तीन दिवस पुरते. महाग असली तरी येथे तीच योग्य.

पॅनेल दक्षिणाभिमुख ठेवावे, हा सर्वत्र दिला जाणारा सल्लाही या काळात निरुपयोगी आहे. श्रीवर्धन १८ अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य तेथे किंचित उत्तरेकडे असतो. शिवाय ढगाळ प्रकाश संपूर्ण आकाशातून येतो. पॅनेल जवळजवळ आडवे ठेवावे. पाणी निथळण्यापुरता उतार पुरे. मात्र त्यावर झाडाची सावली नको, कारण एकसर जोडणीतील एक घट झाकला गेला तरी इतरांचाही प्रवाह अडतो.

गरजांच्या यादीत रेडिओला मोबाइलच्या आधी स्थान द्यावे. मनोरे बंद पडल्यावर चार्ज केलेला मोबाइल केवळ विजेरीपुरता उरतो. वादळाचा इशारा मिळताच, घरात वीज असतानाच, बॅटरी पूर्ण भरून ठेवणे श्रेयस्कर.