चहावाल्याच्या डोक्यातली पाटी

जयपूरच्या प्रताप नगरात राजस्थान हाउसिंग बोर्डाने कोचिंग हब उभारले आहे. संध्याकाळी तिथले क्लास सुटले, की आसपासच्या टपऱ्यांवर मुलांची झुंबड उडते. त्यातल्या एका टपरीवर मी नुसता ऐकत बसलो होतो. "भैया, दो कड़क, एक फीकी, दो प्याज कचौरी, एक बिना चटनी की." एका दमात एवढे सांगून मुले गप्पांना मोकळी. ऑर्डर घेणारा पंचविशीतला तरुण काहीच लिहून घेत नाही. ओठांतल्या ओठांत पुटपुटत शेगडीपाशी जातो आणि आधी ग्लास मांडतो. बिनसाखरेचा ग्लास बाजूला, बिनचटणीची प्लेट कडेला. मग पुटपुटणे थांबते.

आलेली माहिती हातातले काम होईपर्यंत धरून ठेवणाऱ्या या यंत्रणेला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी 1974 मध्ये तिचा आराखडा मांडला. ऐकलेले शब्द आवाजाच्या रूपात ठेवणारा एक भाग, चित्रे आणि जागा ठेवणारा दुसरा, आणि लक्ष कुठे द्यायचे हे ठरवणारा तिसरा. आवाजाचा ठसा जेमतेम दोन सेकंद टिकतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा उगाळावा लागतो. पुटपुटणे त्यासाठीच. ग्लास मांडले, की आठवण डोक्यातून फळीवर उतरते.

मधेच कोणी "कितना हुआ?" विचारले, तर तो हात वर करून थांबवतो. हिशेबालाही डोक्यातली तीच जागा लागते. दहाचे तीन चहा म्हणजे तीस. ते तीस धरून ठेवत पंचवीसच्या तीन कचोऱ्यांचे पंच्याहत्तर काढायचे, मग बेरीज एकशे पाच. एवढ्यात हातातली ऑर्डर निसटलीच म्हणून समजा. लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी 1959 मध्ये लोकांना तीन अक्षरे सांगून लगेच तीन-तीनने उलटे आकडे मोजायला लावले. अठरा सेकंदांत बहुतेकांची अक्षरे पुसली गेली.

जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये या जागेची मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये ती चारच्या घरात आणली. पण मोजायचे ते सुटे शब्द नव्हेत, गठ्ठे. रोजच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर चहावाल्याच्या दृष्टीने एकच गठ्ठा असतो. "उनका वाला" म्हटले, की पुरते. त्याची हुशारी जास्त लक्षात ठेवण्यात नाही, कमी लक्षात ठेवावे लागेल अशी सोय करण्यात आहे.

महाराष्ट्रात डोक्यातल्या जागेची ही मर्यादा एका वादाच्या निमित्ताने समोर आली होती. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी रचना आली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्यावर टिंगल पुष्कळ झाली. पण सात वर्षांचे मूल 'पंचेचाळीस' ऐकते तेव्हा पाच आधी कानावर पडतो आणि चार आधी लिहायचा असतो. तोवर पाच धरून ठेवावा लागतो. आपल्याला सवयीने ते ओझे जाणवत नाही. शिकणाऱ्या मुलाला जाणवते. नवी रचना पटो न पटो, तिच्यामागची अडचण खरी होती.

"दप्तर ठेव, हात धू, डबा काढ, वही घेऊन ये" असे एका दमात सांगितल्यावर मूल मधेच घुटमळले, तर त्याला वेंधळे म्हणू नका. त्याच्या डोक्यातली जागा भरलेली असते. सूचना एकेक करून द्या, लांबलचक उदाहरण फळ्यावर टप्प्याटप्प्याने मांडा, आणि पाढे पाठ करून घ्या, म्हणजे गणित सोडवताना डोक्यात जागा मोकळी राहील.