त्सुरुगा : एका लहान बंदराचें आतिथ्य

जपानला जाऊन आलेला मनुष्य भेटला कीं तो बहुधा टोकियोची गर्दी, क्योतोचीं देवळें आणि फुजी पर्वत यांचेंच वर्णन करतो. तें योग्यच आहे. परंतु एखाद्या देशाचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर राजधानीपेक्षां एखाद्या लहानशा गांवीं दोन दिवस राहावें, असें आमचें मत आहे. घराची बैठक पाहुण्यांसाठीं सजविलेली असते; घराची खरी रीत माजघरांत कळते. जपानचें असें एक माजघर म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील त्सुरुगा हें बंदर होय. चिरंजीव नोकरीनिमित्त ओसाका येथें असल्यामुळें गेल्या शरद् ऋतूंत आम्हां उभयतांस व आमच्या नातीस तें पाहण्याचा योग आला. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें हल्लीं त्या देशीं आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या वडील मंडळींस ही माहिती उपयोगीं पडेल अशी आशा आहे.

त्सुरुगा हें फुकुई प्रांतांतील सुमारें साठ हजार वस्तीचें शहर. तीन बाजूंस डोंगर आणि उत्तरेस उपसागर, अशी त्याची रचना आहे. क्योतोहून आगगाडीनें येथें पोहोंचण्यास तासभर लागतो. टोकियोहून येणाऱ्यांसाठीं १६ मार्च २०२४ रोजीं शिंकान्सेन नांवाची वेगवान गाडी येथपर्यंत आली असून तिला सुमारें तीन तास पुरतात. हिंवाळ्यांत या किनाऱ्यावर बर्फ पुष्कळ पडतें. यास्तव वयस्कांनीं वसंतांत किंवा शरदांतच जावें.

स्टेशनाबाहेर पडतांच एक पुतळा दिसतो. कोरियांतून एक राजपुत्र समुद्रमार्गें येथें आला, त्याच्या कपाळावर शिंग होतें, आणि त्यावरूनच या स्थळास नांव पडलें, अशी आख्यायिका ‘निहोन शोकी’ या प्राचीन ग्रंथांत आहे. आख्यायिकेचा अर्थ कोणीं कसाही लावो. ज्या गांवाचें नांवच एका परक्या पाहुण्यावरून पडलें, त्या गांवाच्या इतिहासांत पुढें पाहुण्यांचीच कथा यावी, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

गांवाचें मुख्य दैवत केही जिंगू. त्याचें लांकडी महाद्वार, ज्यास तिकडे तोरी म्हणतात, तें १६४५ सालीं उभारलेलें असून सुमारें अकरा मीटर उंच आहे. ‘तोरी’ आणि आपलें ‘तोरण’ हे शब्द सजातीय असावेत असें कांहीं विद्वान् म्हणतात व कांहीं तें नाकारतात. आम्हांस मात्र त्याखालून जातांना आपल्या देवळांच्या कमानींची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. १२ जुलै १९४५ च्या रात्रीं अमेरिकन विमानांनीं या शहरावर अग्निवर्षाव केला आणि गांवाचा मोठा भाग जळून गेला. देवालयाच्या पुष्कळ वास्तु त्यांत नष्ट झाल्या; महाद्वार तेवढें वांचलें.

या देवालयासंबंधीं एक कथा आम्हांस फार आवडली. पूर्वीं देवळासमोर दलदल होती व यात्रेकरूंचे हाल होत. १३०१ सालीं ताआ नांवाचे एक बौद्ध महंत येथें आले. त्यांनीं स्वतः माती, दगड व वाळू वाहून ती दलदल बुजविली आणि वाट कोरडी केली. पुढें त्यांच्या गादीवर येणाऱ्या महंतांनीं येथें येऊन वाळू वाहण्याचा परिपाठ चालूं ठेविला. जपानचा कविश्रेष्ठ बाशो १६८९ सालीं शरदांतील पौर्णिमेचा चंद्र पाहावयास मुद्दाम त्सुरुगास आला. आदल्या रात्रीं आकाश निरभ्र होतें. उद्यांचा भरंवसा नाहीं, असें धर्मशाळेच्या यजमानानें सांगितल्यावरून तो त्याच रात्रीं देवदर्शनास गेला व तेथेंच त्यास ही वाळूची कथा समजली. दुसऱ्या दिवशीं, ऐन पौर्णिमेस, यजमानाच्या शब्दाप्रमाणें पाऊस पडला! बुद्धाचा अनुयायी परक्या देवतेच्या दारची वाट स्वतःच्या खांद्यावर वाळू वाहून दुरुस्त करतो, यांत धर्माचें जें मर्म आहे तें निराळें सांगावयास नको.

येथून समुद्रकांठीं गेलें कीं केही-नो-मात्सुबारा हें पाईन वृक्षांचें वन लागतें. जपानांतील अशा तीन नामांकित वनांपैकीं हें एक असून त्यांत सुमारें सतरा हजार वृक्ष आहेत. पांढरी वाळू, हिरवी झाडी आणि शांत पाणी! समुद्र आपल्या कोंकणांतील समुद्रासारखा गर्जत नाहीं. घटकाभर बसलें असतां मनास स्वस्थता वाटते.

आतां भोजनाविषयीं, कारण शाकाहारी प्रवाशास हाच पहिला प्रश्न पडतो. येथील प्रसिद्ध जिन्नस म्हणजे कोम्बू, अर्थात् खाण्याचें समुद्रशेवाळ. पूर्वीं उत्तरेकडील होक्काइदो बेटावरून गलबतें भरून कोम्बू येथें उतरे व पुढें बिवा सरोवरामार्गें क्योतोस जाई. त्या व्यापारामुळें गांवांत एक कला रुजली. शिरक्यांत मऊ केलेलें कोम्बू कारागीर धारदार सुरीनें इतकें पातळ तासतो कीं त्याचा पापुद्रा जिभेवर विरघळतो. भातावर घालून तें रुचकर लागतें. मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जपानी सारांत व वरकरणीं शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांत सुकविलेल्या माशाचा अर्क पुष्कळदां असतो. ‘मांस नको’ एवढेंच सांगून भागत नाहीं. ‘माशाचा रस्साही नको’ असें जपानी लिपींत लिहून जवळ ठेवावें. आमच्या सौभाग्यवतींनीं घरून मेतकूट व दशम्या नेल्या होत्या, त्यांचा फार उपयोग झाला.

परंतु त्सुरुगाचें खरें महत्त्व त्याच्या धक्क्यावर आहे. हें बंदर १८९९ सालीं परदेशी व्यापारास खुलें झालें आणि १९०२ पासून रशियाच्या व्लादिवोस्तोकपर्यंत नियमित आगबोट सुरू झाली. १९१२ पासून टोकियोहून खास गाडी थेट या धक्क्याशीं येऊं लागली. तेथून बोट, मग सैबेरियाची रेल्वे, असें करीत प्रवासी पॅरिसला सुमारें सतरा दिवसांत पोहोंचे. त्या वैभवाच्या वाटेनेंच पुढें दैन्यानें गांजलेलीं माणसें उलट दिशेनें आलीं.

पहिलीं आलीं तीं पोलंडचीं पोरकीं मुलें. रशियन राज्यक्रांतीनंतरच्या यादवींत सैबेरियांतील हजारों पोलिश लोकांची दुर्दशा झाली. त्यांच्या अनाथ मुलांस जपानी रेडक्रॉसनें १९२० ते १९२२ या काळांत दोन खेपांनीं आणलें. तीं साडेसातशेंहून अधिक होतीं आणि याच बंदरांत उतरलीं. गांवकऱ्यांनीं त्यांस खाऊ व खेळणीं दिलीं. पुढें टोकियोंत विषमज्वरानें आजारी पडलेल्या मुलांची शुश्रूषा करतां करतां एका तरुण परिचारिकेस तोच ज्वर जडून तिचा अंत झाला.

दुसरे आले ते ज्यू निर्वासित. १९४० च्या उन्हाळ्यांत लिथुआनियांतील कौनास येथें चिउने सुगिहारा हे जपानी उपवकील होते. जीव वांचवूं पाहणारे ज्यू त्यांच्या दारीं जमले. वरिष्ठांच्या आज्ञेचें उल्लंघन करून सुगिहारांनीं जपानमार्गें जाण्याचे परवाने लिहून दिले. त्यांच्या यादींत दोन हजारांहून अधिक नांवें आहेत. हे लोक सैबेरिया ओलांडून १९४० ते १९४१ या काळांत त्सुरुगास उतरले. याच सुमारास, सप्टेंबर १९४० मध्यें, जपाननें जर्मनीशीं मैत्रीचा करार केला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पुढील गोष्टींचें मोल कळतें.

धक्क्याजवळ ‘मानवतेचें बंदर’ या अर्थाच्या नांवाचें एक संग्रहालय २००८ सालीं स्थापन झालें व २०२० पासून तें मोठ्या वास्तूंत आहे. तेथें सांगतात कीं, एका सार्वजनिक स्नानगृहाच्या मालकानें एक दिवस आपलें स्नानगृह निर्वासितांस विनामूल्य खुलें केलें. एका घड्याळवाल्यानें त्यांचीं घड्याळें विकत घेऊन त्यांस चार पैसे मिळवून दिले. एका मुलानें त्यांच्यांत सफरचंदांची टोपली आणून ठेविली. एकेकानें एकेक घांस घेऊन फळ पुढच्याच्या हातीं दिलें. हें ऐकून आमच्या नातीनें विचारलें, “आजोबा, हे लोक कोण आहेत तें त्या मुलाला माहीत होतें का हो?” आम्ही विचारांत पडलों. तोंच तिची आजी म्हणाली, “अग, कोण ते ठाऊक नसेलही, पण भूक तर दिसत होती ना?”

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्याच काळांत जपानी सैन्य चीनमध्यें घोर अत्याचार करीत होतें, आणि निर्वासितांसही या देशांत कायमचा थारा नव्हता. तेव्हां टोपलीभर सफरचंदांवरून साऱ्या राष्ट्रास पुण्यवान् ठरविणें सत्यास धरून होणार नाहीं. परंतु सरकार एका वाटेनें जात असतांही गृहस्थाश्रमी माणसास आपल्या उंबरठ्यापुरता धर्म पाळतां येतो, एवढें यावरून निश्चित सिद्ध होतें. तैत्तिरीय उपनिषदांत शिष्यास निरोप देतांना गुरु अतिथीविषयीं जो उपदेश करितो, तो राजास उद्देशून नसून घरीं परतणाऱ्या साध्या विद्यार्थ्यास आहे.

या आठवणी टिकल्या कशा, हेंही पाहण्यासारखें आहे. गांव जळाल्यामुळें बरेंचसें दप्तर नाहींसें झालें. साठांहून अधिक वर्षांनीं कांहीं जिज्ञासूंनीं घरोघर वृद्धांस गांठून त्या लिहून घेतल्या. आणखी दहा वर्षें उशीर झाला असता तर सांगणारें कोणी उरलें नसतें.

आपल्या महाराष्ट्रानेंही असे पाहुणे पाहिले आहेत. सैबेरियाकडे हद्दपार केलेले सुमारें पांच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका व मुलें, इराणमार्गें येऊन १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतें, बाजार होता. त्यांस दूध घालणारे, भाजी विकणारे, त्यांच्या मुलांबरोबर खेळलेले लोक आतां नव्वदीच्या घरांत असतील. करवीर प्रांतीं ज्यांचे आप्त आहेत त्यांनीं येत्या सुटींत त्या वृद्धांजवळ बसून, वही उघडून, जें आठवेल तें लिहून घ्यावें. अशा कामास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. घरांतील शाळकरी मुलेंही तें करूं शकतील. मात्र तें आजच केलें पाहिजे.