पिस्तुलाचा जन्मकाळ

पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८८३ सालीं एडनच्या तुरुंगांत वारले. आतां एखादें ब्राउनिंग पिस्तूल दाखवून “हें फडक्यांचें” असें कोणी म्हणूं लागला, तर काय उत्तर द्यावें? बेल्जममधील हर्स्टालचा कारखानाच मुळीं १८८९ त निघाला. त्याचीं ब्राउनिंग पिस्तुलें बाजारांत आलीं तीं पुढें दहाएक वर्षांनीं. दावा घडणीवरूनच निकालांत निघतो.

नाशकास २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यांनीं जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगनेंच. लंडनहून आलेल्या वीस पिस्तुलांपैकीं तें एक. त्या विसांत १९१० चा नमुना असणें शक्य नाहीं.

नमुना असा काळाची सीमा सांगतो; क्रमांक त्या सीमेंतील स्थान सांगतो. नमुना ओळखल्यावांचून मात्र आंकडा मुका असतो. शिवाय लिएजच्या परीक्षागृहाचे ठसे पाहावे. १९२२ पासून तेथें वर्षदर्शक अक्षर उमटूं लागलें.

साराजेव्होच्या १९१४ मधील हत्येचें पिस्तूल पुष्कळ लेखकांनीं १९०० च्या नमुन्याचें मानलें होतें. १९०७४ क्रमांकाचें तें पिस्तूल २००४ सालीं व्हिएन्नाच्या सैनिकी संग्रहालयांत आलें. तें १९१० च्या नमुन्याचें आहे.

क्रमांकावरून घडणीचा काळ कळतो, धन्याचें नांव नव्हे. तें नोंदवहींत असतें, आणि वही व पिस्तूल यांना जोडणारा दुवा म्हणजे हाच आंकडा. म्हणूनच १९५९ च्या शस्त्र-कायद्यानें तो खोडणें गुन्हा ठरविलें आहे.