हिऱ्यावर हातोडी चालवू नका

झवेरी बाजारात मी खडे तपासायचं काम करते. लोक पुडी उघडून खडा माझ्या तळहातावर ठेवतात आणि बहुतेकदा म्हणतात, "वजनदार आहे हो मॅडम, खराच असणार." तिथंच मला त्यांना थांबवावं लागतं. ज्याला बाजारात अमेरिकन डायमंड म्हणतात, तो क्युबिक झिर्कोनिया हिऱ्याच्या दीडपटीहून जड असतो. एकाच मापाचे दोन खडे काट्यावर ठेवले, तर पारडं नकली खड्याकडे झुकतं.

खडा सुटा असेल तर मी तो आधी हवेत तोलते, मग पाण्यात बुडवून. समजा, हवेत १.७६ कॅरेट भरला आणि पाण्यात १.२६. म्हणजे पाण्यात अर्धा कॅरेट घटला. १.७६ ला ०.५० ने भागलं की ३.५२ येतात. हिऱ्याची घनता तेवढीच : एका घन सेंटिमीटरला साडेतीन ग्रॅमच्या किंचित वर. अमेरिकन डायमंडचा आकडा साडेपाच ते सहाच्या दरम्यान, साध्या काचेचा अडीचच्या आसपास. पांढरा टोपाझ मात्र हिऱ्याच्या अगदी जवळ येतो, म्हणून या एका आकड्यावर मी कधीच निकाल देत नाही.

लोखंडाची घनता ७.८७, सोन्याची १९.३. या रांगेत हिरा हलकाच. पण अणू मोजायला गेलं की चित्र पालटतं. हिरा कार्बनचा, आणि कार्बनचा अणू वजनाने सोन्याच्या अणूच्या सोळाव्या हिश्शाएवढा. तरीही एक घन सेंटिमीटर हिऱ्यात तेवढ्याच सोन्याच्या जवळजवळ तिप्पट अणू असतात! इतक्या दाटीत प्रत्येक अणूने चार शेजाऱ्यांना घट्ट धरलेलं असतं. मला याचं आजही नवल वाटतं. पेन्सिलीतलं ग्राफाइटही कार्बनच, पण त्यातले थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ते कागदावर झिजतं.

हिऱ्याचा कठीणपणा येतो तो या घट्ट पकडीतून. कठीण म्हणजे ज्यावर सहजी ओरखडा उठत नाही ते. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांना १ ते १० असे क्रमांक दिले : क्वार्ट्झ ७, टोपाझ ८, माणिक आणि नीलम ९, हिरा १०. यातून क्रम कळतो, अंतर नाही. प्रत्यक्ष मोजलं तर हिरा माणकाच्या चौपटीच्या आसपास कठीण भरतो. सुरतेत घंटीवर हिरा घासतात तेव्हा चकतीला हिऱ्याचीच पूड लागते. हिरा सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो. पुडीतले कण कसेही पडलेले असल्याने काहींची सर्वांत कठीण बाजू समोर येते, आणि कारागीर आपल्या खड्याची त्यातल्या त्यात नरम दिशा शोधून काढतो.

आता हातोडीचं. ऐरणीवर घण सोसतो तो खरा हिरा, हा दाखला तुकोबांच्या अभंगातही आहे. पण तो माणसाच्या कसोटीसाठी आहे. कळकळीने सांगते, खडा असा पारखू नका. खरा हिराही फुटतो. त्याच्या स्फटिकात चार दिशांच्या अशा पातळ्या असतात की तिथं बेताचा घाव बसला तरी तो चिरफळतो. जेडचा नेफ्राइट हा प्रकार कठीणपणात जेमतेम साडेसहापर्यंत जातो, पण घाव सोसण्यात तो हिऱ्याला मागे टाकतो. अंगठी ग्रॅनाइटच्या ओट्यावर जोरात आपटली तर हिऱ्याच्या कडेचा टवका उडू शकतो. तेव्हा स्वयंपाकाला लागताना ती काढून ठेवलेली बरी.

१९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कलिनन हिरा सापडला. ३,१०६ कॅरेट, म्हणजे सुमारे ६२१ ग्रॅम. १९०८ मध्ये अॅम्स्टरडॅमला जोसेफ आशर यांनी त्यात आधी खाच पाडून घेतली, खाचेत पोलादी पातं उभं केलं आणि वरून घाव घातला. ज्या पोलादाने हिऱ्यावर साधा चराही उठत नाही, त्याने तो दुभंगला. त्याच दगडातून पुढे ९ मोठे आणि ९६ छोटे हिरे घडवले गेले.