भावांतराचे गणित आणि लहान शेतकरी

धार आणि देवास ही नावे मराठी माणसास पवारांच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. आज मात्र माळव्याच्या त्या काळ्या जमिनीवर खरिपात राज्य चालते ते सोयाबीनचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पीक मळून होते आणि नेमके तेव्हाच भाव उतरतात. भावाची नाडी पुष्कळ अंशी परदेशी तेलाच्या हाती असते, कारण भारत आपल्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो.

पडत्या भावावर सरकारपाशी दोन उपाय असतात. पहिला, हमीभावाने माल स्वतः विकत घेणे. त्यात बारदान, गोदामे आणि पुढे तो माल खपविण्याची यातायात आलीच. दुसरा असा की, शेतकऱ्याने माल बाजारातच विकावा आणि हमीभाव व बाजारभाव यांतील अंतर सरकारने त्याच्या खात्यात भरावे. यासच भावांतर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडने धान्यासाठी हीच रीत कित्येक वर्षे चालविली. मध्य प्रदेशाने ती २०१७ साली आणली आणि २०२५ साली सोयाबीनपुरती पुन्हा स्वीकारली.

२०२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. मंडीतील भावांच्या सरासरीवरून काढलेला ‘मॉडेल दर’ ७ नोव्हेंबरला ४०२० निघाला. म्हणजे अंतर १३०८ रुपयांचे. १३ नोव्हेंबर रोजी देवास येथूनच १ लाख ३३ हजार शेतकऱ्यांना २३३ कोटी रुपये देण्यात आले. माणशी सुमारे साडेसतरा हजार रुपये! लहान शेतकऱ्यास ही रक्कम थोडी नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे.

मग अडचण कोठे आहे? ती ‘सरासरी’ या शब्दात आहे. ज्याने माल ४०२० ला विकला, त्याच्या पदरी पुरे ५३२८ पडले. परंतु ज्याचा दाणा पावसात भिजून डागी झाला व ज्यास ३५०० च मिळाले, त्यासही वर १३०८ च मिळणार. त्याची बेरीज ४८०८ वर थांबते. सरासरी धरण्यास सबळ कारण आहे. प्रत्यक्ष विक्रीचाच भाव धरला, तर पावतीवर तो संगनमताने कमी लिहिला जाईल आणि उत्तम माल पिकविण्याची ईर्ष्याही उरणार नाही. हे खरे असले, तरी त्याची झळ बसते ती ज्याच्यापाशी दाणे वाळवावयास खळे नाही आणि ठेवावयास कोठार नाही, त्याला.

दुसरी गोष्ट तारखांची. योजनेखालील विक्री २४ ऑक्टोबरला सुरू झाली. दिवाळी त्यापूर्वीच येऊन गेली होती. सणाचा खर्च, दुकानदाराची उधारी, गव्हा-हरभऱ्याचे बियाणे यांसाठी ज्याने चार पोती आधीच गावच्या व्यापाऱ्यास घातली, त्या पोत्यांवर भावांतर नाही. मोठा जमीनदार थांबू शकतो. हा कसा थांबणार?

तेव्हा सुधारणा करावयाची तर विक्रीची मुदत पहिल्या मळणीपासून उघडली पाहिजे. वखारीच्या पावतीवर कर्ज मिळण्याची सोय कायद्याने आहे. परंतु दहा क्विंटलांसाठी शहरातील वखारीपर्यंतचे गाडीभाडे परवडत नाही. चाळणी, वाळवण आणि कोठार ही गावच्या सहकारी सोसायटीच्या दारातच हवीत, आणि अनुदानाचा काही भाग प्रथम तेथे खर्च व्हावा.