धावत्या गड्याचा संवेग

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटरची अडथळ्यांची शर्यत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत धावला नि रौप्यपदक घेऊन आला, हे आपणां बीडकरांना ठाऊकच आहे. आता कागद-पेन्सिल घ्या. 3000 ला 491.2 सेकंदांनी भागा. सरासरी वेग येतो सेकंदाला सुमारे 6.1 मीटर. समजा, अशा धावणाऱ्याचे वस्तुमान 60 किलो. दोहोंचा गुणाकार 366. यालाच संवेग म्हणायचे. क्रिकेटचा 160 ग्रॅमचा चेंडू सेकंदाला 40 मीटर वेगाने आला, तरी त्याचा संवेग भरतो अवघा 6.4!

मग चेंडू एवढा लागतो का? संवेग किती वेळात नाहीसा होतो, त्यावर बळ ठरते. हात ताठ धरून चेंडू 0.01 सेकंदात अडवलात, तर हातावर सरासरी 640 न्यूटन बळ येते. म्हणजे 65 किलोचे ओझेच म्हणा ना! हात मागे नेत 0.1 सेकंदात झेललात, तर साडेसहा किलोंचे.

उडीच्या खड्ड्याचेही तेच. आमच्या शाळेतला खड्डा दगडासारखा टणक होता. माझा घोटा अजून पावसाळ्यात ठणकतो. तेव्हा गुरुजी, वाळू मिळाली नाही, तर निदान उडीआधी माती कुदळीने खणून भुसभुशीत करून घ्या, आणि पोरांना गुडघे वाकवून उतरायला शिकवा.